बाबांच्या पेटीतल्या तीन जुन्या लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर: अ‍ॅडॅप्टर घेण्याआधी अंतर मोजा

प्रश्न थोडक्यात असा: "बाबांचा रत्नागिरीत फोटो स्टुडिओ होता, तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. माळ्यावरच्या पेटीत तीन लेन्स निघाल्या. झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२), निक्कॉर-क्यू ऑटो १३५ मिमी एफ/३.५ आणि मिनोल्टाची एमडी रोक्कोर ५० मिमी एफ/१.७. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे. त्यावर या तिन्ही चालतील का? कोणते अ‍ॅडॅप्टर घेऊ? की सरळ मिररलेस घ्यावा? आणि हेलिओस कोणत्या सालची, हे कळू शकेल का?"

तीन लेन्सची तीन वेगळी उत्तरं आहेत, आणि त्यातलं एक बिनपैशाचं आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करते. १३५ ची निक्कॉर उद्या सकाळी तुमच्या डी५६०० वर चढवा. अ‍ॅडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली जोडकडी, लागत नाही. निकॉनने एफ माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती जोडणी, १९५९ मध्ये आणला आणि आजच्या डीएसएलआरपर्यंत त्याचा मूळ आकार तोच ठेवला. नावातला 'क्यू' म्हणजे आत चार भिंगं आहेत. निकॉन तेव्हा भिंगांची संख्या अशी एका अक्षरात लिहीत असे: पाचाला पी, सहाला एच, साताला एस.

एक गोष्ट मात्र आधी नीट वाचा. १९७७ मध्ये निकॉनने अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, माहिती कॅमेऱ्याला कळवण्याची पद्धत बदलली. ती नवी पद्धत म्हणजे एआय. त्याआधीची लेन्स डी७२००, डी७५०, डी८५० अशा कॅमेऱ्यांवर जोर लावून फिरवली, तर माउंटच्या कडेला असलेली एक नाजूक पट्टी वाकते किंवा तुटते. डी५६०० मध्ये ती पट्टीच नाही, त्यामुळे तुमचा स्वस्तातला कॅमेरा इथे महागड्या कॅमेऱ्यांपेक्षा जास्त सोयीचा आहे. तुमची लेन्स जुन्या पद्धतीची आहे का, हे ओळखणं सोपं आहे. अ‍ॅपर्चर रिंगवर आकड्यांची एकच ओळ असेल, वरचे दोन धातूचे कान सलग असतील, त्यांना भोकं नसतील, तर ती १९७७ पूर्वीची. मित्राच्या मोठ्या कॅमेऱ्यावर ती 'जरा लावून बघू' म्हणून कधीही चढवू नका.

डी५६०० वर ती लावली की कॅमेरा फक्त एम (सगळं हाताने ठरवायच्या) मोडमध्ये चालेल आणि प्रकाश मोजणार नाही. त्याला घाबरायचं कारण नाही. बाबा फिल्मवर काम करताना जो हिशेब डोक्यात ठेवत असतील, तोच तुम्ही ठेवायचा. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१२५. तेच एफ/५.६ ला १/१०००. फोटो काढा, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघा, एक-दोन क्लिक इकडे-तिकडे करा. फोकस नेमका बसला की व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटतो, तो या लेन्सवरही काम करतो. फक्त तेव्हा तुम्ही निवडलेला फोकस पॉइंट विषयावरच असला पाहिजे. तुमच्या छोट्या सेन्सरवर १३५ ची लेन्स साधारण २०० मिमीसारखी दिसेल आणि स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र सावरणारी सोय) नसेल, म्हणून हातात धरून १/२५० च्या खाली जाऊ नका.

आता उरलेल्या दोन. इथे लोक पैसे घालवतात, कारण ते आधी "अ‍ॅडॅप्टर मिळतो का" हे विचारतात. अ‍ॅडॅप्टर प्रत्येक जोडीसाठी मिळतो. विचारायचं ते अंतर. प्रत्येक लेन्स तिच्या माउंटच्या पत्र्यापासून फिल्मपर्यंत एक ठराविक अंतर गृहीत धरून बनवलेली असते. हेलिओसच्या आट्यांच्या माउंटला, म्हणजे एम४२ ला, ते ४५.४६ मिमी आहे. मिनोल्टाला ४३.५. कॅनन एफडीला ४२. निकॉन एफला मात्र ४६.५, म्हणजे या सगळ्यांहून जास्त. अ‍ॅडॅप्टर अंतर वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. निकॉनच्या डीएसएलआरवर हेलिओस लावली की ती असायला हवी त्यापेक्षा १.०४ मिमी पुढे बसते, मिनोल्टा ३ मिमी पुढे. शिवाय अ‍ॅडॅप्टरच्या चकतीची स्वतःची जाडी आहेच.

एक-दोन मिलिमीटरने काय होतं? मी एका कागदावर लिहून ठेवलेला हिशेब सांगते. लेन्सच्या फोकल लेंग्थचा वर्ग करा आणि जेवढे मिलिमीटर अंतर वाढलं त्याने भागा. जो आकडा येईल, साधारण तेवढ्या मिलिमीटरच्या पलीकडचं काही स्पष्ट दिसणार नाही. हेलिओस: ५८ चा वर्ग ३३६४, भागिले १.०४, म्हणजे सव्वातीन मीटर. चकतीची जाडी धरली की प्रत्यक्षात दीड-दोन मीटर. मिनोल्टा: २५०० भागिले ३, म्हणजे ८३ सेंटिमीटर, आणि चकती धरली की त्याहूनही जवळ. समोरच्या खुर्चीतल्या माणसाचा चेहरा हेलिओसने मिळेल, पण त्याच्यामागचा समुद्र कधीच मिळणार नाही. मिनोल्टा तर फुलं-पानं जवळून टिपण्यापुरतीच उरते.

यावर बाजारातला उपाय म्हणजे काच घातलेला अ‍ॅडॅप्टर. त्यातली छोटी काच फोकस दूरवर नेते खरी, पण ती हलक्या टेलिकन्व्हर्टरसारखी, म्हणजे चित्र मोठं करणाऱ्या जोडभिंगासारखी, वागते आणि एफ/२ वर सगळ्यावर दुधाळ पडदा ओढते. मी सुरुवातीला असाच एक घेतला आणि सहा महिने "जुनी लेन्स म्हणजे असंच मऊ दिसणार" अशी स्वतःची समजूत घातली. तीच लेन्स पुढे एका मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर, बिनकाचेच्या नळीने लावली, तेव्हा पापण्यांचे केस मोजता येत होते. दोष लेन्सचा नव्हताच. तेव्हा काचेचा अ‍ॅडॅप्टर घेऊ नका. हेलिओसच्या मागचा भाग घासून ती निकॉनवर बसवणारेही आहेत. बाबांच्या लेन्सला कानस लावू नका, एवढीच विनंती.

मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून माउंट सेन्सरच्या अगदी जवळ आला. निकॉन झेडला ते अंतर १६ मिमी, सोनी ई ला १८, कॅनन आरएफला २०, फुजी एक्सला १७.७. २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी१ पासून हा मार्ग मोकळा झाला आणि २०१३ मध्ये सोनीच्या ए७ मुळे पूर्ण ३५ मिमी, म्हणजे फुल फ्रेम, सेन्सरवर तो खुला झाला. आता गणित उलटं होतं. हेलिओससाठी झेडवर लागणाऱ्या अ‍ॅडॅप्टरची लांबी ४५.४६ वजा १६, म्हणजे २९.४६ मिमी. मिनोल्टासाठी २७.५. निक्कॉरसाठी ३०.५. तिन्ही नुसत्या पोकळ नळ्या, आत काच नाही, तार नाही, चिप नाही.

मग मिररलेस घ्यावा का? तुम्हाला हेलिओस कशासाठी वापरायची आहे, यावर ते ठरेल. ही लेन्स ज्या गोलगोल फिरणाऱ्या पार्श्वभूमीसाठी ओळखली जाते, ती मुख्यतः चौकटीच्या कडांना दिसते. तिथे लेन्सच्या नळीनेच प्रकाश थोडा कापला जातो, म्हणून धूसर ठिपके गोल न राहता मांजरीच्या डोळ्यासारखे लांबट होतात आणि केंद्राभोवती रांगेने वळलेले दिसतात. मूळ रचनाच तशी आहे. जर्मनीत झाइसने १९३० च्या दशकात काढलेल्या बायोटार ५८ मिमी एफ/२ वरून सोव्हिएत कारखान्यांनी हेलिओस घडवली. लहान सेन्सर नेमक्या त्याच कडा कापून टाकतो. त्यामुळे तो भोवरा हवा असेल तर फुल फ्रेमच घ्या. सेकंड हँड निकॉन झेड५ किंवा सोनी ए७ मार्क २ बघा. दोन्हींमध्ये सेन्सरचं स्टॅबिलायझेशन आहे आणि १३५ ला त्याचा खूप उपयोग होतो. नुसती छान पोर्ट्रेट हवी असतील तर लहान सेन्सरचा कोणताही मिररलेस पुरेल, मात्र झेड५० मध्ये स्टॅबिलायझेशन नाही हे लक्षात ठेवा. आणि आधी महिनाभर निक्कॉर डी५६०० वर वापरा. हाताने फोकस करणं तुम्हाला मनापासून आवडतं का, हे कळल्याशिवाय नवा कॅमेरा घेऊ नका, असंच मी माझ्या भाच्यालाही सांगितलं.

भोवरा मिळवायची रीतही सांगून टाकते. माणूस दीड-दोन मीटरवर, त्याच्या मागे पाच-सात मीटरवर दाट पानं, आणि त्या पानांतून उन्हाचे कवडसे. आंब्याची किंवा फणसाची बाग यासाठी उत्तम, आणि तुमच्याकडे तिची कमतरता नाही. एफ/२ वर चेहरा चौकटीच्या मध्याजवळ ठेवा. सपाट भिंतीसमोर हीच लेन्स अगदी साधी वाटेल.

अ‍ॅडॅप्टर निवडताना मी चार जागी बघते. कॅमेऱ्यावर लावून हलवल्यावर खडखड होते का. आतली भिंत खरंच काळी आहे का, की टॉर्च मारल्यावर चमकते. मागच्या पत्र्याचे स्क्रू घट्ट आहेत का. आणि लांबी बरोबर आहे का. तिसऱ्या मुद्द्याचा धडा मला वाईच्या घाटावर मिळाला. स्वस्तातल्या एका अ‍ॅडॅप्टरचे चार बारीक स्क्रू प्रवासात सैल झाले होते आणि फोकस फिरवताना लेन्ससकट पुढचा अर्धा भागच वळायला लागला. लेन्स वेळीच हातात धरली म्हणून वाचली. आता नवा अ‍ॅडॅप्टर आला की पहिल्या दिवशी स्क्रू काढून, त्यांना कमी ताकदीचा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावून परत बसवते. आतली भिंत चमकत असेल तर दुपारच्या फोटोंत सगळा काळा रंग राखाडी होतो. आत मॅट काळ्या मखमली कागदाची पट्टी चिकटवली की फरक लगेच दिसतो. फक्त पट्टीचे तंतू सुटणारे नकोत, ते सेन्सरवर जाऊन बसतात.

लांबीच्या चुकीलाही मघाचाच हिशेब लागू आहे. अ‍ॅडॅप्टर ०.१ मिमी जरी लांब निघाला, तरी ५० च्या लेन्सला २५ मीटरपलीकडचं स्पष्ट दिसत नाही. २८ मिमीच्या वाइडला तर आठ मीटरसुद्धा गाठता येत नाहीत. १३५ ला हीच चूक १८० मीटरच्या पुढे कळते. म्हणून अ‍ॅडॅप्टरची खरी परीक्षा वाइड लेन्सवर होते. ही कटकट टाळण्यासाठी बनवणारे अ‍ॅडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड ठेवतात, मग लेन्स इन्फिनिटीच्या (अगदी दूरच्या फोकसच्या) पुढेही फिरते. त्याचा अर्थ असा, की डोंगराचा फोटो काढताना रिंग शेवटपर्यंत फिरवून मोकळं व्हायचं नाही. अंतराच्या खुणांवर विसंबायचं नाही. प्रत्येक वेळी डोळ्याने बघायचं. मी पुण्यात गच्चीवरून सिंहगडावरच्या टॉवरवर तपासते. तुम्ही भगवती किल्ल्याकडचं दीपगृह घ्या, दिवसाउजेडी, लेन्स पूर्ण उघडून, चित्र स्क्रीनवर मोठं करून.

हेलिओसची नळी लावल्यावर लेन्सवरचे आकडे वर न येता बाजूला राहिले तर अ‍ॅडॅप्टर परत पाठवू नका. बऱ्याच एम४२ अ‍ॅडॅप्टरच्या कडेला तीन इवलेसे स्क्रू असतात, ते सैल करून आतली कडी फिरवता येते. जोर लावून आटे जास्त आवळणं मात्र नको. पुढे कधी हेलिओस ४४एम किंवा पेंटॅक्सची टाकुमार घेतलीत तर लेन्सच्या मागची, अ‍ॅपर्चरची पाती बंद करणारी पिन दाबणारा अ‍ॅडॅप्टर बघावा लागेल, नाहीतर काही लेन्सची पाती उघडीच राहतात. तुमच्या ४४-२ ला पिनच नाही. तिच्या पुढे दोन रिंग आहेत. एकीवर अ‍ॅपर्चर जास्तीत जास्त किती बंद होईल ते ठरवायचं, दुसरी आवाज न करता मोकळी फिरते. पहिली १६ वर ठेवून द्या आणि दुसरीनेच काम करा. व्हिडिओ काढताना ही रिंग सोन्यासारखी आहे.

कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज थोडक्यात. सोनीवर लेन्सशिवाय शटर चालू द्यायची परवानगी मेनूत द्यावी लागते, नाहीतर बटण दाबूनही काही होत नाही आणि लोक अ‍ॅडॅप्टरला दोष देतात. निकॉन झेडवर 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा'मध्ये (चिप नसलेल्या लेन्सच्या माहितीत) तिन्ही लेन्स भरून ठेवा. स्टॅबिलायझेशन त्या आकड्यावर चालतं, म्हणून लेन्सवर छापलेलाच आकडा भरायचा: ५८ म्हणजे ५८, लहान सेन्सर असला तरी ८७ नव्हे. आणि लेन्स बदलली की तोही बदलायचा. ५८ वर ठेवून १३५ वापरली तर चित्र विनाकारण हललेलं येतं, मी हे अनेकदा केलं आहे. मोड ए ठेवा. अ‍ॅपर्चर तुमच्या हातात, शटर कॅमेरा ठरवेल, आणि डी५६०० वर न मिळालेलं प्रकाशमापन इथे नीट मिळेल. कडक उन्हात एफ/२ वर १/२००० च्या वर जाणार असाल तर इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचं काम सेन्सरनेच करण्याची सोय) बंद करा. तो जुन्या लेन्सवर चौकटीचा एक भाग गडद करू शकतो आणि धूसर गोळे अर्धे कापतो.

फोकससाठी रंगीत कडा दाखवणारं पीकिंग बऱ्याच जणांना आवडतं. एफ/५.६ ला ते ठीक आहे. एफ/२ ला ते फसवतं, कारण नाक, डोळा आणि कान सगळंच लाल दाखवतं. फुल फ्रेमवर ५८ मिमी एफ/२ ने एक मीटरवरचा माणूस टिपताना जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोली स्पष्ट असते. उभा माणूस श्वास घेतानाही तेवढा हलतो. म्हणून चित्र मोठं करण्याचं बटण अंगठ्याखाली ठेवा, डोळ्याच्या पापणीवर फोकस करा, आणि मग रिंग न फिरवता स्वतः किंचित पुढे-मागे होत तीन-चार फोटो घ्या. त्यातला एक नेमका येतो. एफ/२.८ वर फोटो काढायचा असेल तर फोकसही २.८ वरच करा. जुन्या वेगवान लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बंद करताना फोकस थोडा सरकतो.

या सगळ्याआधी पेटीतल्या लेन्स तपासा, कारण कोकणातला पावसाळा आणि माळा हे लेन्ससाठी फार वाईट जोडपं आहे. अंधाऱ्या खोलीत अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखं धुकं असेल तर बहुधा जुन्या ग्रीसची वाफ. दोन जोडलेल्या भिंगांमध्ये कडेने चकाकणारे इंद्रधनुषी पट्टे असतील तर त्यांना जोडणारा चिकट थर सुटतो आहे, आणि ते दुरुस्त करणं परवडत नाही. चार-दोन धुळीचे कण मोजत बसू नका, त्यांनी काही बिघडत नाही. बुरशी ताजी असेल तर पुसून जाते. जुनी असेल तर तिने भिंगावरचं कोटिंग (पातळ लेप) खाल्लेलं असतं आणि डाग राहतात. अशीही लेन्स पाठीमागून प्रकाश नसताना छान चालते. उन्हात ठेवून बुरशी साफ होते हा गैरसमज आहे. डाग तसाच राहतो, आणि पुढचं भिंग उघडं ठेवलं तर मागे काहीतरी जळायची भीती वेगळीच.

हेलिओस उघडणं तुलनेने सोपं आहे आणि तिचं ग्रीस घट्ट झालेलं असण्याची दाट शक्यता आहे. तरीही पहिली लेन्स घरी उघडू नका. फोकसच्या आट्यांना अनेक सुरुवाती असतात. ज्या जागी ते सुटले ती जागा खुणेने लिहून घेतली नाही, तर परत जोडल्यावर फोकसची खूण भलतीकडे येते. मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे हाताने काम करणारे दुरुस्तीवाले चौकशी केल्यावर सापडतात.

साफ झालेल्या लेन्स परत त्या पेटीत नकोत. विशेषतः चामड्याची डबी फेकू नका, पण लेन्स तिच्यात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. डांबराच्या गोळ्याही जवळ नकोत. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, रंग बदलणारं सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरेसं आहे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रत्नागिरीत जेल दर दोन-तीन आठवड्यांनी तापवून कोरडं करावं लागेल. आणि लेन्स वापरत राहा. हवा-उजेड लागलेल्या लेन्सवर बुरशी सहसा धरत नाही.

तिन्ही लेन्सना हूड (पुढे बसणारी सावलीची कडी) लावा, हेही आताच सांगते. हेलिओसचा पुढचा आटा ४९ मिमीचा आहे, त्याला धातूचा किंवा रबरी हूड सहज मिळतो. तिच्यावरचं कोटिंग आजच्या मानाने साधं आहे, समोरून प्रकाश आला की चित्र फिकं पडतं. कधी तेच हवं असतं, तेव्हा हूड काढून ठेवा.

सालाबद्दल विचारलंत. हेलिओसच्या पुढच्या कडीवर, भिंगाभोवती, क्रमांक कोरलेला असतो. तो आठ आकडी असेल तर पहिले दोन आकडे बहुतेक वेळा सालाचे असतात, म्हणजे ७८ ने सुरू होत असेल तर १९७८. शेजारीच कारखान्याचं चिन्ह असेल. समलंब आकाराच्या लोलकातून किरण जातो आहे असं चित्र असेल, तर ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली. आकडा वाचताना पुढच्या भिंगाला बोट लागू देऊ नका, आणि फुंकर तर अजिबात घालू नका. मऊ ब्रशने धूळ झटका आणि मगच वाचा.